सरकारी वकील आहे, मग मुलीच्या बाजूने कोण?

प्रश्न थोडक्यात असा. बीड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेचे शिक्षक विचारतात: नववीतल्या, पंधरा वर्षांच्या मुलीवर गेल्या महिन्यात अत्याचार झाला. पोक्सोखाली, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, गुन्हा दाखल आहे आणि गावातल्याच वजनदार घरातला आरोपी अटकेत आहे. ठाण्यात सांगितलं, ‘आता सगळं सरकारी वकील बघतील, तुम्हाला काही करायचं नाही.’ आईवडील ऊसतोड मजूर आहेत, दसऱ्यानंतर कारखान्यावर जातील. मुलगी शाळेत येत नाही. भरपाई निकालानंतरच मिळते का? या घराने नेमकी कोणाकडे मदत मागायची?

सर, ठाण्यातल्या त्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण अर्ध्या केसेस तिथेच हातातून सुटतात. सरकारी वकील शासनाच्या वतीने खटला चालवतात. मुलगी त्यांची पक्षकार नसते, साक्षीदार असते. त्यांच्याकडे एका दिवशी ढीगभर फायली असतात. मुलीची शाळा सुटली का, तिच्या वडिलांना पारावर कोणी अडवलं का, हे बघणं त्यांच्या कामात येत नाही. त्यासाठी कायद्याने वेगळी माणसं नेमून दिली आहेत. बालकल्याण समिती, जिल्हा बालसंरक्षण कक्ष, मोफत वकील देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अत्याचारग्रस्त महिलांना एकाच ठिकाणी मदत देणारं सखी वन स्टॉप सेंटर ही त्यातली मुख्य. ही कार्यालयं जिल्ह्याच्या गावी आहेत, चार दिशांना आहेत, आणि एकमेकांना आपणहून फोन करत नाहीत. लेखी अर्ज गेला की हलतात. नुसत्या तोंडी विचारणीवर ‘बघू’ एवढंच मिळतं.

पहिलं काम सपोर्ट पर्सनचं. पोक्सोचा गुन्हा दाखल झाला की पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. समितीने मुलीच्या आणि पालकांच्या संमतीने एक सहायक व्यक्ती नेमायची, आणि ती नेमल्याचं पोलिसांनी विशेष न्यायालयाला २४ तासांत लेखी कळवायचं, असं २०२० च्या पोक्सो नियमांत आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये याच विषयावर सविस्तर निर्देश दिले, कारण देशभर ही नेमणूक कागदावरच राहत होती. या व्यक्तीने तपासापासून निकालापर्यंत मुलीसोबत राहायचं असतं. जबाबाला सोबत जायचं, तारखा कळवायच्या, दवाखाना, शाळा, भरपाई सगळ्याचा पाठपुरावा करायचा. नेमणूक झाली असेल तर आदेशाची प्रत मागा. झाली नसेल तर आईच्या सहीने समितीला अर्ज द्या, पोच घ्या. नेमलेली व्यक्ती कामाची वाटली नाही तर बदलून मागता येते, त्यात भीड बाळगू नका.

तुम्ही स्वतः ती भूमिका घेऊ नका, असं माझं मत आहे. तुम्ही तिचे शिक्षक आहात. मुलीने पहिल्यांदा तुमच्याजवळ किंवा शाळेतल्या कोणाजवळ सांगितलं असेल तर तुम्हीच साक्षीदार व्हाल, आणि मग बचाव पक्षाचे वकील ‘मास्तरांनी पढवलं’ असं मांडणार. तुमची खरी गरज दुसरीकडे आहे, त्याकडे येते.

आपल्या भागात या खटल्यांचं जे होतं ते समजून घ्या. केज, धारूर, वडवणी, गेवराई, तिकडे जालन्याचा घनसावंगी-अंबडचा पट्टा. दसरा झाला की टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, माणूस गावात नाही. फिर्यादीत पत्ता गावचा, मोबाइल नंबर वडिलांचा, आणि ते सिमकार्ड रिचार्ज संपल्यावर बंद. समन्स घेऊन पोलिस गावात येतो, घराला कुलूप बघतो, ‘मिळून आले नाहीत’ असा शेरा मारून जातो. अशा दोन-तीन तारखा गेल्या की आरोपीचा वकील कोर्टाला सांगतो, फिर्यादीलाच रस नाही. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, त्यामुळे हंगामाच्या मध्ये तारखेसाठी सुट्टी मागितली तर खाडे धरले जातात. गरीब घर फितूर होतं ते दर वेळी पैसे घेऊनच होतं असं नाही. कित्येकदा नुसतं पोचता येत नाही म्हणून केस ढिली पडते.

म्हणून दसऱ्याआधी एक अर्ज करून ठेवा, आणि त्यात मात्र तुम्ही पुढे व्हा. मजकूर साधा: आम्ही अमुक महिन्यापासून अमुक कारखान्याच्या कार्यक्षेत्रात असू, त्या काळातला पर्यायी संपर्क म्हणून या शिक्षकांचा, मामाचा आणि सपोर्ट पर्सनचा नंबर घ्यावा. एक प्रत तपास अधिकाऱ्याला, एक विशेष न्यायालयात सरकारी वकिलांमार्फत, एक विधी सेवा प्राधिकरणाला. ठाण्यातला कोर्ट पैरवी अंमलदार कोण ते विचारून घ्या, त्याच्याशी ओळख ठेवा. साहेब बदलतात, पैरवीचा माणूस बहुधा तोच असतो आणि पुढची तारीख त्याच्या डायरीत असते. ई-कोर्ट्सच्या अॅपवर केस क्रमांक टाकला की तारीख तुम्हालाही दिसेल. एवढं काम तुमच्यासारख्या माणसाने केलं तर बाकीच्या सगळ्या योजनांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

मुलीला कारखान्यावर नेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, तिच्या सुरक्षिततेची काहीच खात्री नसते, शिवाय तिचा जबाब, उपचार, शाळा सगळं लांब पडतं. पण गावात आजीजवळ ठेवलं आणि आरोपीचं घर दोन गल्ल्या पलीकडे असलं तर तेही धोक्याचं. वसतिगृहाचा पर्याय बघा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं समाजकल्याणकडे आहेत. बालकल्याण समिती तिच्या राहण्याची सोय दुसरीकडे करू शकते, आणि निकषांत बसत असेल तर मिशन वात्सल्य या बालसंरक्षणाच्या केंद्रीय योजनेतून महिना ४,००० रुपयांचं प्रायोजकत्वही सुचवू शकते. शाळा बदलायची झाली तर दाखल्यावर, प्रवेश अर्जावर, कुठेही कारण लिहू नका. नव्या शाळेत मुख्याध्यापकांपलीकडे कोणाला कळायची गरज नाही. तुमच्या स्टाफरूममध्येही नाही. पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ आणि पोक्सोच्या कलम २३ खाली गुन्हा आहे. गावाचं नाव, वडिलांचं नाव, शाळेचं नाव लिहून बातमी दिली तरी तो होतो. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘न्याय मिळालाच पाहिजे’ म्हणून फोटो टाकणारे हितचिंतकही यात येतात, हे सरपंचांना एकदा सांगून ठेवा.

आता पैशाचं. निकालाची वाट बघायची गरज नाही. विशेष न्यायालय गुन्हा नोंदल्यानंतर कोणत्याही टप्प्यावर अंतरिम भरपाई देऊ शकतं, अर्जावर किंवा स्वतःहून. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत शासनाने रक्कम द्यायची. आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही तरी भरपाईचा हक्क जात नाही. हे पैसे आरोपीकडून घ्यायचे नसतात, त्यामुळे ‘भरपाई घेतली म्हणजे मिटवलं’ असं कोणी म्हणालं तर ते साफ चूक. दुसरी वाट मनोधैर्य योजनेची, अत्याचारपीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्याच्या योजनेची. ती महाराष्ट्रात २०१३ पासून आहे. आता अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो आणि प्रकरणानुसार १० लाखांपर्यंत मंजूर होऊ शकतात. मोठा भाग मुदत ठेवीत राहतो, थोडा लगेच हाती येतो. एकाच नुकसानीसाठी दोन्हीकडून पूर्ण रक्कम मिळत नाही, आधीची वजा होते, पण अर्ज दोन्हीकडे असलेला बरा.

त्याहून लहान पण फार कामाची तरतूद म्हणजे विशेष साहाय्य. धान्य, कपडे, दवाखान्याला जाण्यायेण्याचं भाडं अशा तातडीच्या गरजांसाठी बालकल्याण समिती रक्कम देण्याची शिफारस करू शकते, आणि ती आठवड्याच्या आत द्यायची असते. हे कोणी मागतच नाही. मजुरी बुडवून बीडला चार हेलपाटे घालणाऱ्या आईला पहिल्या पंधरवड्यात हजार-दोन हजारांचीच नड असते, आणि तेवढ्यासाठी ती सावकाराकडे जाते.

खातं मुलीच्या नावाने, आईच्या पालकत्वाखाली, राष्ट्रीयीकृत बँकेत काढा. आधारवरचं आणि शाळेतलं नाव एकसारखं आहे ना ते आधी तपासा. आपल्याकडे वडिलांच्या नावातल्या एका अक्षरावरून महिने जातात. प्राधिकरणाचे सचिव हे न्यायाधीश असतात, जिल्हा न्यायालयाच्या आवारातच बसतात आणि लोकांना भेटतात. बाहेरच्या टेबलावर अडलं तर थेट त्यांना भेटा. तालुक्याच्या कोर्टातही विधी सेवा समिती असते, अर्ज तिथे दिला तरी चालतो. मोफत वकिलासाठी मुलांना आणि महिलांना उत्पन्नाची अट नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा: लीगल एड डिफेन्स कौन्सेल नावाचे जे पगारी वकील हल्ली दिसतात ते आरोपींच्या बचावासाठी असतात. तुम्हाला प्राधिकरणाच्या पॅनेलवरचा वकील मागायचा आहे. पोक्सोच्या कलम ४० प्रमाणे मुलीला स्वतःचा वकील लावता येतो, तो सरकारी वकिलांना साहाय्य करतो आणि पुरावा संपल्यावर लेखी युक्तिवाद देऊ शकतो. दोषारोपपत्राची प्रतही वकील लागलेला असेल तर मिळते, म्हणून वकील लवकर लावा. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत फिर्यादी किंवा पीडितेला कळवायचं असतं, ही फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यातली, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतली, तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून ती लागू झाली.

जामिनाच्या वेळी सावध राहा. सोळा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराच्या गुन्ह्यात जामिनाच्या सुनावणीला फिर्यादी किंवा त्याने अधिकार दिलेली व्यक्ती हजर असणं बंधनकारक आहे. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही पोक्सोतल्या जामिनाची नोटीस मुलीच्या घरच्यांपर्यंत पोचवण्याबद्दल सूचना दिल्या. प्रत्यक्षात नोटीस कशी येते? आदल्या संध्याकाळी फोन: ‘उद्या या.’ वडील सांगली जिल्ह्यात फडात. यासाठीच वडिलांनी आताच आईला, मामाला किंवा वकिलाला लेखी अधिकारपत्र देऊन ठेवावं. सुनावणीत भावनिक बोलण्याने फारसा फरक पडत नाही. आरोपीचं घर किती अंतरावर आहे, अटकेनंतर कोणी कधी येऊन काय बोललं, मुलगी कोणत्या रस्त्याने शाळेत जाते, हे तारखेसकट मांडा. जामीन मिळालाच तरी गावात येऊ नये, साक्षीदारांशी संपर्क ठेवू नये, अशा अटी मागता येतात, आणि अट मोडली तर तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो. २०२२ मध्ये लखीमपूर खिरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पीडितांचं म्हणणं ऐकलं गेलं नाही म्हणूनही जामीन रद्द केला होता. वकिलांना हा दाखला माहीत असतो.

तुम्ही जात लिहिली नाही, आणि विचारायला संकोच वाटतो, पण विचारावं लागतं. कुटुंब अनुसूचित जाती-जमातीचं आणि आरोपी त्याबाहेरचा असेल तर अॅट्रॉसिटीची कलमं लागली आहेत का बघा. नसतील तर पोलिस उपअधीक्षकांकडे ती वाढवण्याचा अर्ज द्या, तपासही त्यांच्याच दर्जाचा अधिकारी करतो. मग अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम १५अ लागू होतं, त्यात प्रत्येक सुनावणीची वेळेवर नोटीस, जामिनाला म्हणणं मांडण्याचा हक्क, प्रवास आणि निर्वाहखर्च येतो. २०१६ च्या दरांप्रमाणे बलात्काराच्या प्रकरणात ५ लाखांचं अर्थसाहाय्य आहे: निम्मं वैद्यकीय अहवालानंतर, पाव दोषारोपपत्र गेल्यावर, पाव खालच्या कोर्टाचा निकाल लागल्यावर. ते समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडून मिळतं. मात्र बंजारा आणि वंजारी महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांत येतात, त्यांना हा कायदा लागू होत नाही. पारधी कुटुंबाला होतो. तांड्यावरच्या किंवा पालावरच्या मुलीला मराठीत नीट सांगता येत नसेल तर जबाबाला दुभाषी मिळण्याचा तिला हक्क आहे. ‘समजतंय की तिला’ म्हणून अंमलदार स्वतःच्या शब्दांत लिहितो आणि उलटतपासणीत त्याच शब्दांवर मुलगी अडकते.

आता तुमच्या शाळेचं काम. पोक्सोचा खटला पुष्कळदा वयावर हरला जातो. मुलगी अठराच्या आत होती हे सिद्ध झालं नाही तर सगळा डोलारा कोसळतो, आणि नववी-दहावीच्या मुलींच्या बाबतीत बचाव पक्ष पहिला घाव तिथेच घालतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका निकालात नुसता शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रवेश नोंदीचा उतारा पुरेसा मानला नाही. तेव्हा ग्रामपंचायतीचा किंवा नगरपरिषदेचा जन्मदाखला शोधाच. ऊसतोडीच्या घरातली बाळंतपणं कधी कारखान्याजवळच्या दवाखान्यात झालेली असतात आणि नोंद त्या गावी असते. आईला विचारा, कोणत्या गावी, कोणत्या कारखान्यावर. नोंद झालेलीच नसेल तर उशिरा नोंदीचा नवा दाखला आत्ता काढल्याने संशय वाढतो, त्याआधी वकिलाला विचारा. शाळेच्या बाजूने पहिलीच्या प्रवेशाचं मूळ रजिस्टर, त्यावेळी जोडलेला कागद आणि नोंद कोणी केली ते नाव, एवढं काढून ठेवा. मुख्याध्यापकांना साक्षीला बोलावणं येईल. रजिस्टर हातात न घेता ‘नंतर दाखल करतो’ म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांनी चांगल्या केसेसचं वाटोळं केलेलं मी पाहिलंय. तिच्या नावापुढची कुठलीही नोंद आता खोडू नका, दुरुस्त करू नका, अगदी स्पेलिंगसुद्धा.

वैद्यकीय बाजू थोडक्यात. उपचार सरकारी आणि खासगी, दोन्ही दवाखान्यांत मोफत द्यावे लागतात, आणि पोलिसांचं पत्र नाही म्हणून उपचार अडवता येत नाहीत. महिना उलटलाय, तेव्हा गर्भचाचणी झाली का हे आईने विचारून घ्यावं. नसेल तर या आठवड्यात. अशा प्रकरणात २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात कायद्याने होतो. त्यापुढे वैद्यकीय मंडळ आणि बहुधा छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ गाठावं लागतं, म्हणून लाजेखातर दिवस घालवू नका. गर्भाचा नमुना पुरावा असतो, तो जपून ठेवायला डॉक्टरांना आणि पोलिसांना आधीच कळवा. झोप उडाली असेल, जेवत नसेल, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. फोनवर बोलायचं तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. देवऋष्याकडे नेतायत का तेही हळूच बघा.

साक्षीच्या दिवसाची तयारी म्हणजे उत्तरं पाठ करून घेणं नव्हे. सपोर्ट पर्सनने तिला आधी एकदा रिकामं कोर्ट दाखवावं: न्यायाधीश कुठे बसतात, ती कुठे बसेल, पाणी कुठे आहे. सुनावणी बंद खोलीत होते. आरोपी तिला दिसू नये अशी व्यवस्था करावी लागते. वकिलाचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारले जातात आणि मध्ये विश्रांती मागता येते. दुर्बल साक्षीदार साक्ष केंद्र, म्हणजे अशा साक्षीदारांसाठीची वेगळी खोली, त्या न्यायालयात आहे का हे विचारून तिथे साक्ष नोंदवण्याचा अर्ज करा. साक्ष लांबत गेली आणि तोवर ती अठराची झाली तरी ही सोय मागता येते, २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनी लैंगिक अत्याचाराच्या पीडितांना त्यात धरलं आहे. कायदा म्हणतो, मुलीचा पुरावा ३० दिवसांत घ्यावा. तेवढ्यात तो होईल अशी आशा धरून घराचं नियोजन करू नका. तिने दंडाधिकाऱ्यांसमोर दिलेल्या जबाबाची प्रत साक्षीपूर्वी वाचून घेणं चालतं, ते तिने मागावं. आणि त्या दिवसापर्यंत नातेवाईक, शेजारी, बाई, सर, कोणीही ‘नक्की काय झालं होतं गं?’ विचारायचं नाही. ठाणे, दवाखाना, दंडाधिकारी, समिती, एवढ्या ठिकाणी तिने ते सांगून झालंय.

दबाव येणारच. आधी मोठी माणसं येतात, ‘पोरीचं पुढं कसं व्हायचं, मिटवून घ्या.’ मग मुकादमाकडून उचल थांबवण्याची भाषा. हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. पंचांसमोर लिहिलेला कागद कोर्टात काही कामाचा नाही, उलट तो लिहून घेणारे अडकू शकतात. प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ, कोण होतं, वहीत लिहून ठेवा, कॉल रेकॉर्डिंग पुसू नका. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ पासून देशभर लागू आहे. जिल्ह्यात सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, अर्ज जिल्ह्याच्या अभियोग प्रमुखांमार्फत करायचा. पोलिस धोक्याचा अहवाल देतात आणि गरजेप्रमाणे गस्त, दूरध्वनीवर संपर्क, तारखेला सोबत, प्रसंगी राहण्याची वेगळी सोय मिळते. चोवीस तास बंदोबस्त कोणाला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, पण घरापुढून रोज एक गस्तीची गाडी गेली तरी गावातली भाषा बदलते. तातडीला ११२, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१.

निकाल विरोधात गेला तर अपील शासन करेल याची वाट बघत बसू नका. निर्दोष सुटकेविरुद्ध, कमी गुन्ह्यात शिक्षा झाल्यास किंवा भरपाई अपुरी वाटल्यास पीडितेला स्वतः अपील करता येतं, आणि सुटकेविरुद्धच्या तिच्या अपिलाला वेगळी परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. आपल्याला त्यासाठी छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जावं लागतं, आणि वकील तिथल्या विधी सेवा उपसमितीकडून मोफत मिळतो. निकालाची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात मागा.

या आठवड्यात मात्र तीनच कागद करा: बालकल्याण समितीला सपोर्ट पर्सन आणि विशेष साहाय्याचा अर्ज, विधी सेवा प्राधिकरणाला वकील आणि मनोधैर्यचा अर्ज, आणि दसऱ्यानंतरच्या पत्त्याचं ते पत्र. अर्जावर सही किंवा अंगठा आईचा, पोच शिक्क्यासह, झेरॉक्स तुमच्याकडे. प्राधिकरणाकडून पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर पोच घेऊन सचिवांना भेटा, आणि शक्य असेल तर जाताना आईला सोबत न्या.